छत्री दाराच्या मागे

१६ जानेवारी १९४४, रविवार

मेलं हे लिहायचं तरी कुणासाठी? पण मनात ठेवून ठेवून जीव नकोसा झाला, म्हणून ह्यांच्या शाळेची एक अर्धी कोरी वही उलटी करून बसले आहे. माजघरात कोणी आलं की तिच्यावर निवडायच्या तांदळाचं सूप ठेवायचं, म्हणजे झालं.

संक्रांतीला ह्यांनी मला बांगड्या भरवल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत ह्या माणसानं आपण होऊन मला कधी फुलाची वेणी आणली नाही. आणि परवा कासार दारात आला, तर स्वारी ओटीवर येऊन बसली आणि म्हणते कशी, "दोन्ही हातांत डझन डझन भर. काचेच्याच. वाजल्या पाहिजेत." कासारसुद्धा हसला. मी म्हटलं, इतक्या बांगड्या घालून भांडी कशी घासू? तर म्हणाले, "घास की. फक्त वर सारून ठेवू नकोस."

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. साळूबाई, आमची पाणी भरणारी, म्हणाली, "बाई, मास्तर तुमच्यावर लई खूश दिसत्यात." खूश! खूश असते तर दिवाळीपासून तोंडातून दोन शब्द तरी धड बोलले असते. पुरुषमाणूस असा उगाच बायकोला नटवत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय.

१९ जानेवारी

आज सकाळी पाण्याची घागर घडवंचीच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवली. एवढंच केलं. हे शाळेतून आले, पाणी घ्यायला गेले, तांब्या खाली पडला, आणि मग जो काही संताप! "जिथली वस्तू तिथं राहायला काय होतं?" ह्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ह्यांचं इंग्रजी सगळ्या कोल्हारात नावाजलेलं आणि स्वभाव त्याहून. वर्गात छडी उचलली नाही कधी.

आणि एक काळ्या पुठ्ठ्याची वही आली आहे. हे घरभर फिरतात, चार पावलं टाकतात, थांबतात, आणि वहीत लिहितात. इंग्रजीत. अक्षरं केवढाली, शाईचा टाक जाड, एका पानावर सहा-सात ओळी. एवढा कागदाचा तुटवडा असताना हा माज कशाला? पूर्वी मुंगीसारखं अक्षर काढायचे.

विचारलं तर म्हणाले, "पोरांसाठी काही वाक्यं जमवतोय." पोरांसाठी वाक्यं जमवायची तर ती आमच्या न्हाणीत जाऊन कशाला जमवावी लागतात?

२३ जानेवारी, रविवार

पेट्रोल नाही म्हणून कोळशावर चालते त्या सकाळच्या मोटारीनं हे नगरला गेले. "शाळेचं काम आहे." रविवारी शाळेचं काम!

नगरला कोण राहतं ते मला ठाऊक आहे. आमच्या वन्सं राहतात. दिवाळीत आल्या होत्या तेव्हा मी फराळाची ताटं करत होते आणि त्या ह्यांना हळू आवाजात सांगत होत्या, "वंश बुडवणार आहेस का? आमच्या आळीत नीलांबरी म्हणून मुलगी आहे, मॅट्रिक झालेली, तुझ्या इंग्रजीला शोभेल अशी." त्यावर हे काय म्हणाले ते कढईच्या आवाजात ऐकू आलं नाही. तेव्हापासून त्या एका उत्तराचा मी विचार करते आहे. मूल झालं नाही हा काही मी गुन्हा केला नाही. पण सवत आणायला लोकांना तेवढं कारण पुरतं, आणि कायदाही हात धरत नाही.

संध्याकाळी परत आले. मोटारीतून उतरताना पायरी चुकले. दारात आले तेव्हा मी डोळ्यांकडे पाहिलं आणि धस्स झालं. बुबुळं मोठी, काळीभोर. कपाळावर हात आडवा धरून उजेडाकडे पाठ केलेली. असे डोळे मी ह्यांचे एकदाच पाहिले आहेत, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणाले, "धूळ गेली." दोन्ही डोळ्यांत सारखीच?

मुलगी पाहून आले. दुसरं काय असणार?

३० जानेवारी, रविवार

काळी वही उशाखाली असते. आज हे नदीवर आंघोळीला गेले तेव्हा काढली. मला एबीसीडी येते. अक्षरं ओळखू येतात, जोडून अर्थ लागत नाही. एक पान जसंच्या तसं माझ्या वहीत उतरवून घेतलं. चोरी म्हणायची तर म्हणा.

पण वाचायचं कुणाकडून? गावभर होईल. शेवटी मुलींच्या शाळेतल्या सुनीतीबाईंकडे गेले. त्या विधवा, एकट्या राहतात, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. म्हटलं, मला इंग्रजी शिकवा. त्या चष्म्यावरून पाहतच राहिल्या. "मास्तर घरात असताना माझ्याकडे?" मी म्हटलं, "दुसऱ्याच्या बायकोला शिकवतील, स्वतःच्या बायकोला शिकवताना पुरुषांना झोप येते." हसल्या आणि पाट मांडला.

६ फेब्रुवारी, रविवार

सात दिवसांत मी काय काय शिकले! पानातला एकेक शब्द सुटा सुटा कागदावर नेते आणि विचारते. वाक्य नेत नाही, मी काही दुधखुळी नाही.

बाईंची शिकवण्याची रीत छान आहे. पाट उभा केला, त्याच्या पलीकडे तांब्या सरकवला. "तांब्या कुठं आहे?" "पाटाच्या मागे." "बिहाइंड." मी म्हटलं, आपलं मागे शब्दाच्या पाठीला लागतं, शब्दयोगी अव्यय. त्या म्हणाल्या, त्यांचं आधी येतं. बिहाइंड म्हणायचं, मग पाट. मला गंमत वाटली. साहेबाला आधी जागा लागते, मग वस्तू.

मग म्हणाल्या, आपलं मागे फार पसरलेलं आहे. दोन वर्षांमागे म्हणतो, माझ्या मागे घराचं काय होईल म्हणतो. बिहाइंड तसं सगळीकडे घालू नका. त्याला पुढे काहीतरी असावं लागतं. मी विचारलं, पुढची वस्तू हलली तर? "तर मागची जागाही बदलली," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं वाक्य लिहून घ्या. बायको नवऱ्याच्या मागे चालते." हेही शिकवावं लागतं का, असं मी म्हटलं. ते तर मी पहिल्या दिवसापासून करते आहे, चार पावलं अंतर ठेवून.

बिहाइंड झालं, बिसाइड झालं, अंडर झालं, इन फ्रंट झालं. घरी येऊन उतरवलेलं पान उघडलं. छत्री दाराच्या मागे. कंदील ट्रंकेच्या बाजूला. घागर घडवंचीच्या डावीकडे. चुलीपासून न्हाणीपर्यंत अकरा पावलं.

ही तर घराची यादी आहे! आमच्या घरात काय कुठं आहे त्याची. मला ती यादी कशाला लागते, मीच तर सगळं मांडलंय. नवी बाई येते तिला लागते. आणि तिला इंग्रजी येतं.

१० फेब्रुवारी

आज वहीचं आणखी एक पान पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं नाव आहे. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, दमयंती. आणि त्यापुढे काही नाही. बिहाइंड नाही, बिसाइड नाही. ओळ कोरी. खाली पुन्हा उखळ, जातं, ट्रंक. ह्या घरात उखळालासुद्धा जागा आहे. मला नाही.

भाकरी करता करता दोनदा हात भाजला. पिठाच्या हातानं डोळे पुसले, तर साळूबाईनं विचारलं, "काय झालं बाई?" धूर गेला म्हटलं. ती जाता जाता म्हणाली, "मास्तरांस्नी काय हुतंय का वो? काल भगवतीच्या देवळापाशी भिताडाला हात लावून चाललं हुतं. म्या हाक मारली तर वळखलं न्हाई." मी म्हटलं, न ओळखायला काय झालं? मनात काळंबेरं असलं की माणूस मान वर करत नाही. "तसं न्हाई दिसलं मला," असं म्हणून ती घागर घेऊन गेली. तिला काय कळतंय!

१७ फेब्रुवारी

आप्पासाहेब आले होते, शाळेचे हेडमास्तर. हे घरी नव्हते. चहा घेतला आणि कपाकडे बघत म्हणाले, "नृसिंहराव हल्ली फळ्यावर लिहीत नाहीत, वहिनी. पोरांनाच उठवतात. एकाला दाराच्या मागे उभा करतात, एकाला टेबलाच्या बाजूला, आणि ओरडून सांगा म्हणतात, मी कुठं आहे. पोरं खूश आहेत. पण तेरा मार्चला इन्स्पेक्टर येणार. नृसिंहराव अजून कायम झालेले नाहीत. ह्या खेपेला नापसंत झाले तर माझ्या हातात काही नाही. जरा लक्ष ठेवा."

लक्ष ठेवते आहे म्हणावं. डोळ्यांत तेल घालून ठेवते आहे. बाईच्या नादात नोकरीवरचं लक्ष उडालं, आणखी काय? नोकरी गेली तर वन्संच्या दारात जाऊन राहायचं, त्या नीलांबरीच्या आळीत. सगळं कसं बेतानं चाललंय.

२० फेब्रुवारी, रविवार

यादी करता काय, म्हटलं, करा. आज मी ट्रंक दीड हात पुढे ओढली आणि छत्री दाराच्या मागून काढून खुंटीवर टांगली. येऊ दे नवीला आणि शोधू दे.

हे आले ते ट्रंकेवर आपटले. नडगीचं कातडं सोललं. घासलेट मिळत नाही म्हणून कंदील बारीक ठेवते हे खरं, पण तेव्हा तर अजून उजेड होता. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. खाली बसले आणि ट्रंकेच्या कडेवरून हात फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग इतक्या हळू म्हणाले, "दमयंती, हलवलीस का गं?" मी म्हटलं, "झाडायला ओढली." मग उठून दाराच्या मागे हात घातला, छत्री सापडेना, तर तिथंच उभे राहिले.

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. नंतर हळद लावायला गेले तर पाय आखडून घेतला नाही. हात धरून ठेवला माझा. बांगड्यांवरून बोटं फिरवत होते, एकेक मोजल्यासारखी. हे प्रेम की पश्चात्ताप, काही कळेना.

५ मार्च, रविवार

दोन्ही पावलांची आग होतेय, तरी लिहिते.

आठ दिवस झाले, सकाळी माजघराचं दार ओढून घेऊन हे एकटेच बोलतात. फटीतून पाहिलं होतं. डोळे मिटून, हात पुढे करून, इंग्रजीत काहीबाही पुटपुटत फिरतात. मला वाटलं, वन्संच्या पुढे किंवा मुलीच्या बापापुढे काय बोलायचं त्याची तालीम चालली आहे. आज ठरवलं, सगळं ऐकायचंच. पण चोवीस बांगड्या घालून चोरपावलांनी जाणार कशी? म्हणून दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे घट्ट सारल्या, वरून पदर गुंडाळला, आणि माजघराच्या दाराशी श्वास रोखून उभी राहिले.

हे आत नव्हतेच. मागच्या दारानं बाहेर गेले होते आणि बंबातल्या कढत पाण्याची बादली घेऊन न्हाणीकडे येत होते. दिवस चांगला वर आलेला, माजघर आणि न्हाणीच्या मधल्या बोळात लख्ख ऊन. मी समोर उभी. मी पाहिलं, तर ह्यांची चाल मंदावली नाही. मला वाटलं, दिसतेय ना मी? बाजूला होतील.

सरळ माझ्या अंगावर आले. बादली उलटली. माझी दोन्ही पावलं भाजली, ह्यांचा हात भाजला. मी किंचाळले तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण? दमयंती? तू आहेस? बांगड्या कुठं गेल्या तुझ्या?"

पावलं भाजलेल्या बाईला कुणी हे विचारतं का? पण मग खाली बसले आणि माझे पाय शोधायला लागले. मी समोर बसलेली, आणि ह्यांचा हात माझ्या पावलापासून वीतभर लांब जमिनीवर फिरतोय. ओली जमीन चाचपतोय. मी तो हात पाहत राहिले. मग धरला आणि पायावर ठेवला.

सगळं कळलं. एका क्षणात. अगं बाई गं, चौदा वर्षं ज्या माणसाच्या ताटात वाढलं त्याला माझं तोंड दिसत नाही, आणि मी सवत शोधत फिरत होते!

६ मार्च

पावलांना खोबरेल लावून बसले आहे. साळूबाईनं स्वयंपाक केला.

दसऱ्यापासून होतंय म्हणे. आधी कडा काळ्या झाल्या, मग आत आत. आता समोर नळीतून पाहिल्यासारखं थोडं दिसतं, तेही लख्ख उन्हात दिपून जातं, आणि उन्हातून आत आलं की काहीच नाही. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, औषधाचे थेंब घालून तपासलं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही वर्ष-दोन वर्षांचं. म्हणून उरलेल्या नजरेत घर लिहून काढत होते, आणि डोळे मिटून पाठ करत होते.

"मला का नाही सांगितलं?" म्हटलं. म्हणाले, "तू सांगितलं असतंस का कुणाला?" "मी? मी तोंड उघडलं नसतं!" "तेच. एकटीनं उरात घेऊन बसली असतीस." आणि इंग्रजीत लिहिलं ते मला वाचता येऊ नये म्हणून. बांगड्या कशाला, तर मी घरात कुठं आहे ते कळावं म्हणून. बाकी सगळ्या वस्तू जागेवर राहतात, तू राहत नाहीस, म्हणाले.

नीलांबरीचंही विचारलं. आता लाज कसली? हसले. तिचं लग्न मार्गशीर्षातच झालं, नाशकाला दिली. वन्संना दिवाळीतच सांगितलं होतं, पुन्हा हा विषय माझ्या घरात काढायचा नाही. कढईच्या आवाजात मला तेवढंच ऐकू आलं नव्हतं.

मग मी भांडले. हो, भांडले. ट्रंक मी ओढली, छत्री मी लपवली, नडगी माझ्यामुळे फुटली, हे सगळं सांगितलं आणि वरून भांडले. सांगितलं असतं तर हलवली असती का मी? नवऱ्याला इतकी दुष्ट वाटते का मी? हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे वही वाचता आली तुला? कुणी शिकवलं? उच्चार कसा करतेस बिहाइंडचा, म्हण बघू."

पण माझ्या नावापुढच्या कोऱ्या ओळीचं विचारायचा धीर झाला नाही.

१२ मार्च, रविवार

शाळेला सुट्टी. छगन शिपायाला म्हटलं, मास्तरांचा चष्मा वर्गात राहिलाय, आणि आत शिरले. पावलं अजून हुळहुळतात, तरी मोजली. दारापासून टेबलापर्यंत सहा. टेबलापासून फळ्यापर्यंत दोन. घरी येऊन काळ्या वहीत माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. हे डोळे मिटून म्हणत होते. पुस्तकातले धडे तर ह्यांना पाठच आहेत. पोरांच्या वह्याही मी वाचते, हे चूक सांगतात, तिथं मी लाल पेन्सिल मारते.

एक शंका आहेच. फळ्यावर आडवा एक दोरा ताणून बांधला होता, वितीवितीच्या अंतरानं दुसरा, तिसरा. छगन म्हणाला, "आप्पासाहेबांनी बांधाया लावलाय, अक्षर सरळ यावं म्हून." कुणाचं अक्षर? आप्पासाहेबांना कळलंय? मग बोलले का नाहीत? उद्या इन्स्पेक्टरच्या कानात बोलायचं म्हणून तर नाही? माझा काही कुणावर भरवसा नाही.

१३ मार्च

पास! इन्स्पेक्टरनं अर्धा तास पाहिलं. पोरं दाराच्या मागे, बाकाखाली, खिडकीपाशी उभी राहून ओरडत होती आणि हे नाव घेऊन सांगत होते, कोण कुठं आहे. मग इन्स्पेक्टरनं एक वही ह्यांच्या पुढे केली, हे वाचा म्हणून. घरी येऊन हे म्हणाले, तिथं सगळं संपलं असं वाटलं. तेवढ्यात आप्पासाहेब मध्येच म्हणाले, "साहेब, चहा निवतोय." आणि वही घेऊन टेबलावर ठेवली. कायम करायची शिफारस झाली.

चुकलं माझं, आप्पासाहेब. उद्या बेसनाचे लाडू पाठवते.

१९ मार्च, रविवार

दुपारी मी ह्यांना काळी वही वाचून दाखवत होते. सगळं घर झालं, आणि ते पान आलं. मी वाचायची थांबले. "वाच की," म्हणाले. मी म्हटलं, "माझं नाव आहे. पुढे काही नाही."

"आहे. मी लिहिलंय."

"कोरं आहे हो."

"लिहिलंय म्हणतो ना. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. ती सगळ्यात आधी, शेवटच्या पानावर लिहिलेली ओळ आहे, बाकीचं नंतर भरलं." मग थांबले. "शाई नव्हती का टाकाला?"

पान उचलून दाराशी उजेडात नेलं आणि तिरकं धरलं. कागदावर ओरखडे होते. कोरड्या टाकाचे, खोल. नाव लिहून झाल्यावर पुन्हा बुडवायला गेले असतील आणि टाक दौतीबाहेर पडला असेल, ते दिसलंच नाही. तसंच लिहीत गेले. मी बोट फिरवत अक्षर अक्षर लावलं. दमयंती, इन फ्रंट. आय, बिहाइंड.

मला पुढचं काही दिसेना. आता माझेच डोळे भरले होते. महिनाभर ज्या ओळीवरून मी स्वतःला जाळून घेतलं, ती कोरी नव्हतीच.

संध्याकाळी मी म्हटलं, चला, भगवतीच्या देवळात जाऊन येऊ. दाराच्या मागून छत्री काढून हातात दिली, काठीसारखी धरायला. उंबऱ्याशी सवयीनं बाजूला झाले, की हे पुढे होतील. हे तिथंच उभे. "हो ना पुढे," म्हणाले.

भररस्त्यात नवऱ्याच्या पुढे मी कधी चालले नव्हते. कट्ट्यावरच्या बाप्यांची बोलणी थांबली. कुणीतरी खाकरलं. साळूबाई समोरून घागर घेऊन येत होती, ती उभीच राहिली. "बाई, तुमी फुडं?"

"व्हय," मी तिच्याच भाषेत म्हटलं, आणि दोन्ही हात जरा जास्तच हलवत चालू लागले. मागून चार पावलांवर छत्रीचा आवाज येत होता.